मुद्देमाल डब्यात, गुन्हेगार फरार

टेबलावर स्टीलचा डबा ठेवून रमण दोन पावलं मागे सरला.

"ह्यानंच चावलाय, बाय," तो म्हणाला. "जिता हाय. झाकण जपून काडा."

सकाळचे साडेआठ. ओपीडीचं दार नुकतंच उघडलेलं, केसपेपरच्या खिडकीपाशी सात-आठ माणसांची रांग आणि माझा चहा अजून कपातच. बाकावर रमणची बायको मंजू बसली होती. तिशीची असेल. काटक, विळा धरून हाताला घट्टे पडलेली बाई. पोट धरून, भिंतीला डोकं टेकून बसली होती. शेजारी तिचा दीर जयराम उभा, पायात चपला नाहीत, तोंडावर पहाटेपासूनची धावपळ.

मी झाकण उचललं. आत काळाकुट्ट विंचू, माझ्या मधल्या बोटाहून मोठा, नांगी उभारून तयार.

"कुठे सापडला?"

"तिच्या हंतरुणाखाली," जयराम म्हणाला. "गवत उचलला, ता ह्यो बसलेला. लगेच धरला ना!"

केस सरळ दिसत होती. चावलेली बाई बाकावर, चावणारा डब्यात. आमच्या डॉक्टर मॅडमनी लिहायला पेनसुद्धा उचललं. पण मला काहीतरी खटकत होतं. काय खटकत होतं ते सांगायचं तर आधी या डब्यांची गोष्ट सांगायला हवी. तेवढा वेळ वाचकांसाठी मंजूला बाकावर बसवून ठेवते. प्रत्यक्षात मी तिला पाच मिनिटंही बसू दिलं नव्हतं.

मी सरकारी नर्स. मूळची दातिवऱ्याची, मासळी सुकवणाऱ्या घरातली. नर्सिंगला निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "वास तो वासच गो, औषधाचा काय नि सुक्या बोंबलाचा काय." नोकरीची शेवटची बरीच वर्षं पालघर आणि बोईसरच्या मधल्या पट्ट्यातल्या एका दवाखान्यात गेली. दवाखान्याचं नाव सांगत नाही. मी सुटले, पण तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. एका अंगाला समुद्र, एका अंगाला डोंगर आणि मधोमध कारखाने, त्यामुळे पेशंट तिन्हीकडून यायचे. दिवाळी अंकात नर्सबाई लिहिणार म्हटल्यावर लोकांना वाटतं, आता रात्रपाळी, रक्त आणि अश्रू. अश्रू आहेत थोडे. पण माझ्या वाट्याला जास्त करून डबे आले.

आमच्या भागातली रीत अशी, की काही चावलं तर आधी चावणाऱ्याला पकडायचं. मारून नाहीतर जिवंत, कशात तरी कोंबायचं आणि पेशंटबरोबर दवाखान्यात हजर करायचं. मी त्याला मुद्देमाल म्हणायचे. मुद्देमाल कशातूनही यायचा. गुळाचा डबा, थंड पेयाची बाटली, खताची गोणी, बांगड्यांचं खोकं. एकदा एका घरातून नवाकोरा प्रेशर कुकर आला, शिट्टी लावलेला. आत फुरसं. कुकर परत न्यायला मात्र कोणी आलं नाही.

बोईसरच्या कारखान्यातला एक उत्तर प्रदेशचा कामगार जेवणाच्या डब्यात गोम घेऊन आला होता. चांगली वीतभर. "सिस्टर, ज़िंदा है, संभाल के," असं म्हणत त्याने स्वतःच झाकण उघडलं. गोम टेबलावरून उतरली आणि थेट रांगेत शिरली. गुडघेदुखीच्या तीन म्हाताऱ्या बाकावर उडी मारून चढलेल्या मी या डोळ्यांनी पाहिल्या. एकीला म्हटलंसुद्धा, "आजी, गुडघे बरे झाले वाटतं!" तिने मला जी शिवी दिली ती संपादक छापणार नाहीत.

समुद्रकाठच्या नवापूरची पारूबाय तर हाताला मासा लटकलेल्या अवस्थेतच रिक्षातून उतरली होती. शिंगाळा. या माशाच्या पाठीवर आणि कल्ल्यांच्या मागे करवतीसारखे काटे असतात, त्यांना विष असतं. काटा रुतला की हात खांद्यापर्यंत ठणकतो. धिप्पाड माणसं लहान पोरासारखी रडताना पाहिली आहेत. उपाय फार मोठा नाही. काटा काढायचा, जखम धुवायची आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा. विष उष्णतेने ढिलं पडतं. पारूबाय बादलीत हात घालून बसली आणि तासभर त्या शिंगाळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. ठणका उतरल्यावर म्हणाली, "आता ता मासा दे माझा."

"कशाला? मुद्देमाल आहे तो."

"मुद्देमाल गेला खड्ड्यात. त्यान मना टोचला, आता मी त्याला खानार."

कालवण चांगलं झालं असा निरोप दुसऱ्या दिवशी आला.

हसू येतं, पण खरं सांगते, ही रीत लोकांनी आपणहून पाडलेली नाही. आम्ही पाडली. कोणी चावून आलं की आमचा पहिला प्रश्न असायचा, "काय होतं? कसला साप? पाहिलात का?" माहीत नाही म्हटलं की आम्ही खेकसायचो, "मग नीट बघायचं ना!" बिचारी माणसं काय करणार? रिकाम्या हाताने गेलं तर सिस्टर ओरडते, म्हणून पुढच्या वेळी पुरावाच घेऊन यायची. खेकसणाऱ्यांत मी पहिली. मला तर या जनावरांचा शौकच लागला होता. औषधांच्या कपाटावर मी बाटल्या मांडल्या होत्या, स्पिरिटमध्ये बुडवलेलं फुरसं, मण्यार, लाल विंचू, काळा विंचू. नवे डॉक्टर बदलून यायचे, डब्यात डोकावायचे आणि विचारायचे, "सिस्टर, हा कुठला?" मी चष्मा न लावता सांगायचे. मान अशी ताठ व्हायची म्हणून सांगू!

खरं तर मुद्देमालाची गरज नसते. आपल्याकडचे मुख्य विषारी साप चार. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चौघांवर एकच लस चालते. कुठला चावला ते कळलं तर बरं, नाही कळलं तरी अडत नाही. पेशंटचं अंगच सांगतं. रक्त गोठेनासं झालं, सूज चढत चालली, तर घोणस किंवा फुरसं. पापण्या मिटायला लागल्या तर नाग किंवा मण्यार. विंचवाची तऱ्हा वेगळी, औषधही वेगळं. आणि सर्वांत मोठी गोम अशी, की शोधायला निघालेल्या माणसाला काही ना काही सापडतंच. दगड उलटा करा, विंचू निघेल. बांध उकरा, साप निघेल. सापडला तो चोर! पण चावला तोच सापडला कशावरून?

हे मी शिकले ते गोविंदमुळे.

गोविंद शेतमजूर होता. भाताची लावणी करताना पायाला काहीतरी चावलं म्हणून आला. बरोबरच्या माणसांनी गोणीतून मेलेला साप आणला होता. मी पाहिला आणि हसले. दिवड. पाण्यातला साप, बेडूक खातो, विषाचा थेंब नाही. "अरे, याला घाबरून एवढे धावत आलात?" असं म्हणून मी सगळ्यांची चेष्टा केली. तेव्हाचे डॉक्टर माझ्या नजरेवर विसंबायचे. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन लिहिलं आणि त्याला बाकावर बसवून ठेवलं. गोविंदही हसत होता. दोन तासांनी त्याने पाणी मागितलं, तेव्हा त्याची जीभ जड झाली होती. मग आमची धावपळ. लस लावली, गाडी आणली, पण गोविंद वाटेतच गेला. त्या बांधावर दिवडही होती आणि दुसरंही कोणी होतं. सापडली दिवड.

त्याच्या बायकोने आरडाओरड केली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, तुमी बोललात ना बिनविषारी हाय?"

दुसऱ्या दिवशी मी कपाटावरच्या बाटल्या उतरवल्या आणि जमिनीत पुरून टाकल्या. वरिष्ठांनी कधी चौकशी केली नाही, कोणी मला दोष दिला नाही. पण त्या बाईचा प्रश्न मला पुढे कितीतरी वर्षं भाताची लावणी सुरू झाली की ऐकू यायचा.

आता मंजूकडे येते.

भात कापून झालं की आमच्याकडे गवताचा हंगाम सुरू होतो. डोंगराकडच्या पाड्यांवरची माणसं आपल्या तुकड्यातलं पीक घरात टाकतात आणि मालकांच्या माळावर गवत कापायला येतात. तिथेच खोपी घालून राहतात. दिवसभर गवत कापायचं आणि त्याच गवतावर गोधडी टाकून झोपायचं. मऊ लागतं, ऊब असते. ती ऊब उंदरांनाही आवडते आणि उंदरांच्या मागावर येणाऱ्यांनाही. मंजू, रमण आणि जयराम असेच महिनाभर उमरोळीच्या बाजूला एका माळावर राहिले होते.

"मंजू, कुठे चावला विंचू?" मी विचारलं.

"नाय ठावं, बाय."

"म्हणजे? हाताला, पायाला?"

"नाय ठावं. पोटात दुखतंय. उठली तवापासून दुखतंय. गळ्यात कायतरी अडकल्यागत होतंय."

हेच ते खटकत होतं! विंचू चावला आणि कुठे चावला ते ठाऊक नाही? लग्न झालं पण नवरा कोण ते माहीत नाही म्हणण्यासारखं झालं हे. विंचू चावलेलं माणूस दारातून आत येतानाच ते बोट पुढे करून येतं. नाव, गाव मागाहून सांगतं. त्यात आमच्याकडचा खरा वैरी म्हणजे लाल विंचू. बुटका, चिमटे काडीसारखे बारीक, नांगी जाड. तो चावला की घामाच्या धारा लागतात, हातपाय गार पडतात, काळीज धडधडतं, उलट्या होतात. लहान मुलांचा तर घास घेतो. डब्यातला होता काळा. हा दिसायला राक्षस, चिमटे खेकड्याचे, पण ठणका देऊन सोडून देतो. मी मंजूचा हात धरला. कोरडा, गरम. ठणका नाही, घाम नाही.

"माझ्याकडे बघ," मी म्हटलं.

तिने बघितलं, पण डोळे वर करून नाही. सगळं डोकंच मागे टाकलं आणि पापण्यांच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं.

"झोप येतेय का गं?"

"जाम झोप येतंय, बाय."

"आन् रातभर मस घोरत होती!" जयराम म्हणाला.

मला गोविंद आठवला. "मॅडम," मी म्हटलं, "विंचू बाजूला ठेवा. हिच्या पापण्या बघा."

डॉक्टर मॅडमची ही पहिलीच नेमणूक. येऊन तीन आठवडे झाले होते. माझ्या लेकीच्या वयाची मुलगी. दुसरं कोणी असतं तर "डॉक्टर कोण, तुम्ही की मी?" म्हणालं असतं. तिने पेन ठेवलं आणि सरळ मंजूसमोर गुडघ्यांवर बसली. बोट वर नेलं, मंजूचे डोळे मागोमाग गेले नाहीत. जीभ बाहेर काढ म्हटलं, ती दातांच्या पुढे आली नाही. "एका दमात आकडे मोज," मॅडम म्हणाल्या. मंजू अकरापर्यंत पोचली. आतल्या खाटेवर निजवून पुन्हा मोजायला लावलं, तर सातला दम संपला.

"मण्यार," मॅडम म्हणाल्या.

"मण्यार कुठशी आला?" जयराम चिडला. "इचू हाय ना डब्यात! दाखवा, सापाचा दात कुठं हाय अंगाव?"

"तेच तर," मी म्हटलं. "मण्यारचे दात इतके बारीक, की खूण दिसत नाही. दुखत नाही, सुजत नाही. झोपलेल्या माणसाला चावतो आणि निघून जातो. तुम्ही अंथरूण उचलेपर्यंत तो तिथे कशाला थांबेल? विंचू बिचारा गवताखाली आपलं बिऱ्हाड करून राहत होता."

पुढचं भराभर झालं. सलाइन, त्यातून दहा बाटल्या लस, उशाशी ॲलर्जीचं इंजेक्शन भरून ठेवलेलं. लस रक्तातलं विष मारते, पण जे विष नसांच्या टोकांना जाऊन बसलंय ते उठवून काढत नाही. मंजूचा आवाज गेला. मग मान गेली, उशीवरून उचलेना. मग छाती हलेनाशी झाली. गाडी यायला वेळ होता.

"नळी घालावी लागेल," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हळूच पुटपुटल्या, "सिस्टर, कॉलेजबाहेर मी कधी घातली नाही."

"आपल्या दवाखान्यात कोणीच कधी घातली नाही, मॅडम. मुहूर्त करा."

नळी पहिल्या झटक्यात श्वासनलिकेत गेली. मी रबरी फुगा जोडला आणि दाबला. मंजूची छाती वर आली. पोरीच्या चेहऱ्यावर जे आलं ना, ते पाहायला तिचे सगळे प्रोफेसर हवे होते! विंचवाला आमच्या शिपायाने नंतर दवाखान्यामागच्या दगडांत नेऊन सोडलं. निर्दोष मुक्तता.

आता मंजूचा श्वास म्हणजे माझा हात. हा फुगा साधा असतो, नारळाएवढा. दाबला की हवा छातीत, सोडला की बाहेर. पाच मोजायचे आणि दाबायचा. थांबायचं नाही. व्हेंटिलेटर असलेलं मोठं हॉस्पिटल तासाभराच्या वाटेवर. मॅडमना निघता येईना, कारण त्याच वेळी बाळंतपणाची एक बाई दारात येऊन ठेपली होती आणि डॉक्टर ती एकटीच. गाडीत मागे मी, मंजू आणि जयराम. रमण पुढे ड्रायव्हरजवळ.

बोईसरच्या नाक्यावर टँकरांची रांग लागलेली. आमचा ड्रायव्हर सायरनवर हात ठेवून बसला तरी कोणी हलेना. मग एका टँकरच्या ड्रायव्हरने खिडकीतून आत पाहिलं. मी फुगा दाबतेय हे त्याला दिसलं असावं. तो खाली उडी मारून उतरला आणि रांगेतल्या एकेका गाडीच्या पत्र्यावर थापा मारत पुढे धावत सुटला, "अरे हटाओ, हटाओ! औरत की साँस हाथ पे चल रही है!" कुठला कोण माणूस! वाट झाली. त्याचे आभार मानायला माझे हात रिकामे नव्हते, म्हणून इथे मानते.

नाका ओलांडला आणि जयरामने मंजूची पापणी बोटाने वर केली. बुबूळ मोठं झालेलं, स्थिर. उजेड पडला तरी हललं नाही. तो एकदम मागे सरकला.

"मेली," तो म्हणाला. "बाय, वयनी मेली."

"नाही मेली."

"मी मेलेली माणसं बगलीत! डोळं मेलं तिचं. गाडी फिरवा!" तो पुढच्या काचेवर मुठी मारायला लागला. "रमण, गाडी फिरव! पाड्याव नेऊ. हास्पिटलात फाडतील तिला. मी फाडू देनार नाय!"

पुढून रमणचा हंबरडा ऐकू आला. गाडीचा वेग मंदावला. ड्रायव्हर विचारत होता, "सिस्टर, काय करू?"

त्याचंही चुकत नव्हतं. मण्यारने धरलेलं माणूस अगदी प्रेतासारखं दिसतं. बोट हलत नाही, बुबूळ हलत नाही. भल्याभल्यांची फसगत होते. पण त्या घडीला गाडी फिरली असती, तर मी फुगा सोडल्यावर चार मिनिटांत मंजू खरोखरच मेली असती, आणि आपणच बरोबर होतो असं तो जन्मभर समजला असता.

"जयराम!" मी ओरडले. माझा आवाज मासळीबाजारातला आहे, तो त्या दिवशी कामी आला. "माझे हात मोकळे नाहीत म्हणून, नाहीतर कानाखाली आवाज काढला असता. बस खाली! तिच्या गळ्याला हात लाव. इथे, बाजूला. लाव म्हणते ना!"

त्याने घाबरत घाबरत दोन बोटं टेकवली.

"लागतंय काही?"

तो म्हणाला, "उडतंय."

"मेलेल्याचं उडतं का रे?"

"नाय."

"मग पुढे सांग, गाडी पळव म्हणून."

त्याने काच बडवली. "पळव! पळव रे! जिती हाय!"

मी मंजूच्या कानाशी वाकले. मण्यारचं विष स्नायू बंद पाडतं, डोकं नाही. आत माणूस जागं असतं, हे मला एका जुन्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "मंजू, तू ऐकतेयस मला ठाऊक आहे. तुला हलता येत नाही, पण तू आहेस. घाबरू नकोस. श्वासाचं माझ्यावर सोपव." सांगत राहिले. काय काय बोलले ते आठवत नाही. मध्येच अंगठ्यात पेटके यायला लागले. साठीला टेकलेली बाई मी, किती दाबणार?

"जयराम, इकडे ये. हात धू तिथल्या बाटलीतल्या पाण्याने. आता तू दाबायचंस."

"मी?"

"मग कोण, ड्रायव्हर? एक, दोन, तीन, चार, पाच, दाब. चल."

ज्याने दहा मिनिटांपूर्वी तिला मेली म्हटलं होतं, तो आता तिच्यासाठी श्वास मोजत होता. कपाळावर घाम, ओठ हलतायत, नजर फुग्यावरून ढळत नाही. थोडं तो, थोडं मी, असं करत आम्ही हॉस्पिटलच्या दारात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी मंजूला यंत्रावर घेतलं तेव्हा जयरामची बोटं फुग्याभोवती अशी आवळली होती, की मला ती एकेक करून सोडवावी लागली.

मग वाट बघणं. नर्सला या कामाची सवय असते असं लोकांना वाटतं, ते खोटं आहे. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मी ओपीडीत सुया टोचत होते आणि कान फोनकडे. गोविंदच्या बायकोचा प्रश्न पुन्हा ऐकू यायला लागला. चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. रमण. त्याच्या मागे जयराम ओरडत होता तेच ऐकू आलं, "बोट हालला, बाय! बोट हालला!"

मी इंजेक्शनचा ट्रे खाली ठेवला आणि भर ओपीडीत टाळ्या वाजवल्या. मॅडम केबिनमधून धावत आल्या, मी सांगितलं, आणि आम्ही दोघींनी पेशंटांसमोर एकमेकींना मिठी मारली. एक म्हातारी म्हणाली, "काय, पगार वाढला काय?" म्हटलं, "त्याहून मोठं, आजी!" जिंकले होते मी! लपवून कशाला सांगू? तीस वर्षांत जेवढी मोठी झाले नव्हते तेवढी त्या दिवशी झाले. गोविंद परत येणार नव्हता, ते माझ्या खात्यावर तसंच राहणार. पण मंजू होती.

पुढे आम्ही पहिला प्रश्न बदलला. "काय चावलं?" असं विचारायचं नाही. "तुला आता काय होतंय?" असं विचारायचं. आणि पाड्यापाड्यांवर सांगत सुटले, जनावराच्या मागे लागू नका, माणसाला आणा, आणि खाट नसेल तर निदान मच्छरदाणी कडा आत दाबून लावून झोपा. डबे अजूनही येत असतील. सवय लावायला वेळ लागत नाही, मोडायला लागतो.

नळी काढल्यावर तीन दिवसांनी, रविवारी, मी आणि मॅडम मंजूला भेटायला गेलो. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. रमण औषधं आणायला गेला होता. जयराम हातात पेजेचा वाडगा घेऊन चमच्याने तिला भरवत होता. मला बघून ती हसली. आवाज घोगरा, नळीने घसा खरवडलेला.

"काही आठवतं का गं गाडीतलं?" मी विचारलं.

"सगळा," ती म्हणाली. "डोळं उगडत नवतं, बोट हालत नवता, पन आयकत होती. तुमी बोलत होता ता आयकला. हा बोलला मेली, ता पन आयकला."

जयरामचा चमचा हवेतच थांबला. त्याने मान खाली घातली. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"मग? राग आला असेल ना?" मी मंजूला विचारलं.

"त्याचा नाय राग आला. तो भ्याला." ती थांबली. आपला स्वतःचा, पुरता, लांब श्वास तिने आत घेतला आणि दिराकडे डोळे वटारले. "पन बाय, तुमी दाबत होता ना, तवा बरा वाटत होता. हा दाबाया लागला, तवा माज्या जिवाला घोर. लय कंजूस! अर्धाच दम द्यायचा. मना बोलता येत नवता, नायतर तितंच शिवी घातली असती."

मॅडम फस्सकन हसल्या. मी हसले. जयरामने खांद्यावरच्या टॉवेलात तोंड लपवलं. त्याचे खांदे हलत होते, हसत होता की रडत होता ते त्यालाच ठाऊक.

मंजूने त्याच्या हातातला चमचा काढून बाजूला ठेवला आणि वाडगा स्वतःकडे ओढला.

"आन इकडं," ती म्हणाली. "आता पेज तरी पोटभर दे."